डाव्या सीटवरून दिसणारं मीटर

गाडी जागेवर उभी होती आणि मीटर ऐंशी दाखवत होतं.

अंबडच्या माझ्या वर्कशॉपच्या शेडमध्ये ती छोटी विजेची गाडी आम्ही जॅकवर चढवली होती. चाकं हवेत, हँडब्रेक ओढलेला. वंदनाने अ‍ॅक्सिलरेटरला नुसता पाय लावला आणि लाल आकडे शून्यावरून थेट ऐंशीवर गेले. बाजूच्या स्टुलावर तिचे सासरे दामूअण्णा बसले होते. ते आकड्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "म्याडम, ही उभ्या उभ्या कुठं निघाली?"

मला हसू आलं नाही. आदल्या दिवशी हेच मीटर माझ्या टेबलावर अगदी शहाण्यासारखं चाललं होतं.

दोन हजार पाच-सहाच्या आसपासची ही गोष्ट. मी डिजिटल मीटर आणि काउंटर बनवत असे. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत मशीनवर जे लाल आकडे दिसतात, कुठे आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे, कुठे पीस किती झाले, ते माझ्यासारखे छोटे लोक बनवतात. गाडीचं काम मी कधीच घेतलं नव्हतं. वंदनाचा नवरा सिन्नरला एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता. तिथे त्याच्या मशीनवर माझं मीटर होतं. त्याने नाव सांगितलं आणि सासरे-सून गाडी टेम्पोला बांधून घेऊन दारात हजर.

मखमलाबादला त्यांची फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे फुलं तोडायची आणि उजाडायच्या आत पंचवटीत पोचवायची. वंदनाने गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या हारवाल्यांपैकी आठ-दहा जण स्वतः फिरून बांधून घेतले होते. त्यांना वेळेवर माल लागतो. सकाळच्या पूजेनंतर फुलं नेऊन उपयोग काय? ही विजेची गाडी त्यांनी एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. मागची सीट पाडली की क्रेट बसत. लोडशेडिंगच्या वेळा बघून वंदना गाडी चार्जिंगला लावायची, म्हणजे पहाटेपर्यंत बॅटरी भरलेली.

त्या गाडीचं काट्याचं मूळ मीटर बंद पडलं होतं. आतली केबल तुटलेली. त्या मॉडेलचे पार्ट यायचे बंद झाले होते आणि नाशिकातल्या डीलरने शटर खाली ओढलं होतं. आता पेट्रोलच्या गाडीत मीटर बंद असलं तरी माणूस इंजिनच्या आवाजावरून अंदाजाने चालवतो. विजेच्या गाडीला आवाजच नाही. गिअर नाहीत. नुसती मोटरची बारीक शीळ. पाटाजवळच्या उतारावर वंदनाला कळलंच नाही गाडी किती धावतेय ते. वळणावर गाडी खाली उतरली, एक चाक चारीत लोंबलं, झेंडू रस्ताभर. कुणाला लागलं नाही. पण अण्णांनी त्याच दिवशी चावी काढून स्वतःच्या बंडीच्या खिशात ठेवली.

"मीटर बसल्याशिवाय चावी मिळायची नाय," असं त्यांनी माझ्यासमोरच तिला सांगितलं.

तोपर्यंत माल शेजाऱ्याच्या रिक्षा-टेम्पोतून जात होता. टेम्पोवाला त्याच्या सवडीने निघायचा. दोन हारवाल्यांनी दुसरीकडून फुलं घ्यायला सुरुवात केली होती. हे वंदनाने मला अण्णा पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा सांगितलं. "मॅडम, गाडी गेली तर माझं सगळंच गेलं. मग मी फक्त तोडणीला." तिने रड वगैरे काही काढली नाही.

तर ऐंशीचा घोळ.

वेग मोजायची पद्धत सोपी आहे. चाकाच्या दांड्यावर चुंबक बसवायचे. शेजारी हॉल सेन्सर नावाचा एक चिमुकला भाग. चुंबक समोरून गेलं की तो विजेचा एक ठोका देतो. ठोके मोजायचे, चाकाचा घेर माहीत असतो, झाला वेग. गडबड अशी झाली की विजेच्या गाडीत मोटरला जाणारा करंट एक कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. त्या जाड केबलला खेटून मी सेन्सरची वायर नेली होती. मोटरचा सगळा कलकलाट त्या वायरीत शिरला आणि माझं मीटर तेही ठोके म्हणून मोजत बसलं. कारखान्यात हे मी शंभर वेळा केलेलं काम, तरी गाडीत जागा दिसली तिथून वायर ओढली. मग शिल्ड असलेली, म्हणजे वरून तारेच्या जाळीचं आवरण असलेली वायर घेतली, दुसऱ्या बाजूने फिरवली, ती जाळी एकाच टोकाला अर्थिंगला जोडली. प्रोग्रॅममध्येही सांगून ठेवलं, की ही गाडी जितकी पळूच शकत नाही तितके ठोके आले तर ते खोटे समज.

चाकाचा घेर आम्ही शेडच्या फरशीवर मोजला. टायरला खडूची खूण, गाडी ढकलायची, खूण परत खाली आली की टेप लावायचा. वंदना म्हणाली, "मॅडम, रिकाम्या गाडीत कशाला मोजताय? माल भरला की टायर दबतो." बरोबर होतं. तिने क्रेटमध्ये माझ्याकडचे ट्रान्सफॉर्मर भरले, अण्णांना डाव्या सीटवर बसवलं आणि मग मोजलं. पुढे मोकळ्या रस्त्यावर मोजलेल्या अंतरात घड्याळ लावून पाहिलं. मीटर चोख होतं.

डिस्प्लेबद्दल अण्णांची एकच मागणी होती. "आकडे मोठे पायजेत. चांगले ठळक. माझ्या हिथून दिसले पायजेत."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझं सगळं आयुष्य तसलेच डिस्प्ले बनवण्यात गेलेलं. कारखान्यात मीटर लावतात ते ऑपरेटरसाठी कमी आणि येता-जाता सुपरवायझरला दिसावं म्हणून जास्त. त्यामुळे आकडे जितके मोठे, जितके मधोमध, तितकं काम चांगलं, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी डॅशबोर्डच्या बरोब्बर मध्यावर लाल काचेमागे दोन बोटं उंचीचे आकडे बसवले. वर दशांश चिन्हानंतरचा एक आकडाही दिला. कुणी मागितला नव्हता. आपली हौस.

अण्णांनी आकडे पाहिले, मान डोलावली, खिशातून चावी काढून वंदनाच्या हातावर ठेवली. काम संपलं असं मी समजले.

पंधरवडा गेला असेल. वंदनाचा फोन.

"मॅडम, एक विचारू? ते मीटर जरा बिघडवता येईल का?"

मी तोंडाची फटकळ आहे, हे आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. "म्हणजे? मी राबून राबून नीट केलं ते बिघडवायला?"

"रागावू नका. पण अण्णा रोज सोबत येतात. घरातून निघालं की गंगेवर पोचेपर्यंत आकडे वाचतात. मोठ्याने. तेहतीस पॉइंट चार. चौतीस पॉइंट एक. नुसती आकड्यांची आरती चाललेली असते. मला काही सुचत नाही. परवा सांगून टाकलं त्यांनी, चाळीसच्या वर पुन्हा गेलीस तर चावी परत दे. मी चाळीसच्या वर जात नाही हो, पण तो आवाज आला की पाय आपोआप ब्रेकवर जातो माझा."

बिघडवणार तर मी नव्हतेच. पण बसून बघायला हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मखमलाबादला गेले. मागे, पाडलेल्या सीटवर, झेंडूच्या क्रेटांच्या मधल्या फटीत मला कोंबलं. पुढे वंदना आणि अण्णा. निघालो.

फाटक ओलांडलं आणि आरती सुरू. "बावीस पॉइंट सात. सव्वीस. सव्वीस पॉइंट तीन." अण्णांची मान जराही हलत नव्हती. नजर त्या लाल आकड्यांवर चिकटलेली. आणि वंदना? रस्त्याकडे एकदा, मीटरकडे एकदा. अण्णांनी आकडा म्हटला की ती तो खरा आहे का बघायची. एकतीस म्हटलं की तिची नजर खाली. पस्तीस म्हटलं की परत खाली. मीटरमध्ये काडीची चूक नव्हती आणि बाई मीटर नसतानापेक्षा वाईट गाडी चालवत होती.

मखमलाबाद नाक्याच्या अलीकडे अण्णांचा आवाज चढला. "अडतीस पॉइंट नऊ. एकोणचाळीस. वंदना, एकोणचाळीस पॉइंट पाच." तिने खाली पाहिलं. समोर कडेच्या गल्लीतून एक दूधवाला सायकलवर दोन कॅन लटकवून सरळ रस्त्यात आला. मी मागून "अगं" एवढंच म्हणू शकले. तिने ब्रेक दाबला. गाडी थांबली, दूधवाला हातभर अंतरावर. वरचा क्रेट माझ्या मांडीवर उलटा झाला. दूधवाल्याने आम्हाला दोन शिव्या हासडल्या आणि तो गेला.

अण्णा गोंधळून म्हणाले, "काय झालं? ब्रेक कशापायी दाबला?"

मी झेंडूची फुलं पदरातून गोळा करत होते, ती तशीच थांबले. दूधवाला बरोबर त्यांच्या नाकासमोर होता. कॅन हेडलाइटच्या उजेडात चमकत होते.

वंदनाने गाडी पुढे घेतली, आणि अण्णांनी पुन्हा वाचायला सुरुवात केली. आता आवाज बारीक होता.

पंचवटीत वंदना क्रेट घेऊन हारवाल्यांकडे गेली. मी आणि अण्णा गाडीतच. मी टपरीवरून दोन चहा आणले. त्यांच्यापुढे ग्लास धरला तर त्यांचा हात ग्लासाच्या बाजूने गेला, मग चाचपून त्यांनी तो धरला.

मला आडवळणं घेता येत नाहीत. "अण्णा, डोळ्यांचं कधीपासून आहे हे?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग दुसरा. मला वाटलं, आता हा म्हातारा माझ्यावर उखडणार.

"दोन वरसं झाली असतील," ते म्हणाले. "मोतीबिंदू हाय म्हणतात. पिकू द्या म्हनलं. घरात ठाऊक नाय कुणाला. शेतात काय, पाय वाट ओळखतात. आधी जीप व्हती आमची, ती चालवायची सोडली तवा गुडघ्याचं नाव सांगितलं."

"मग ह्या गाडीत येता कशाला रोज?"

"येणार नाय तर काय करू? पोरगी एकटी अंधारात जाती." मग म्हणाले, "जीपमधी बसलं का मी डोळे मिटून सांगायचो किती स्पीड हाय. आवाज असायचा ना. हिच्यात बसलं का काय बी नाय. समोर समदं धुकं आन् कानाला काय येत नाय. गाडी उभी हाय का पळतीय ते बी कळत नाय. लय भ्या वाटतं, म्याडम. ते लाल आकडे तेवढे दिसतात. मग म्या तेच धरून बसतो."

त्यांना आकडे मोठे का हवे होते ते मला तेव्हा कळलं. मोटरची ती बारीक शीळ वंदनाला ऐकू येत होती, मला येत होती. म्हाताऱ्या कानांना सगळ्यात आधी बारीक आवाज सोडून जातात. त्यामुळे अण्णांच्या वाट्याला ती शीळही नव्हती.

मला एकदम सातपूरचा एक प्रेस ऑपरेटर आठवला. माझ्या काउंटरवर तो रुमाल टाकून ठेवायचा. मी त्याला झापलं होतं, की इतका महागाचा डिस्प्ले आणि तू झाकतोस. तो म्हणाला होता, "मॅडम, साहेब मागे उभे राहून आकडे बघतात, मग माझा हात चुकतो." मी मनावर घेतलं नव्हतं. मीटर बरोबर दाखवतंय ना, मग झालं. एका डिस्प्लेसमोर दोन माणसं असली की त्यातलं एक दुसऱ्याच्या मानगुटीवर बसतं, हे मला गाडीच्या मागच्या सीटवर क्रेट अंगावर पडल्यावर समजलं.

मी अण्णांना म्हटलं, "तुमच्यासाठी वेगळं मीटर करते. कानाने ऐकायचं. पण एका अटीवर. डोळ्यांचं वंदनाला तुम्ही सांगायचं. नाहीतर मी सांगणार."

"लय कडक बाई हाय तुम्ही."

"आहेच."

ते चहाचा ग्लास हातात फिरवत राहिले. वंदना रिकामे क्रेट घेऊन आली, मागचं दार उघडलं आणि अण्णांनी पाठमोऱ्यानेच तिला सांगून टाकलं. दोन वाक्यांत. वंदना तशीच क्रेट धरून उभी.

"म्हणजे तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवायला नव्हतात येत?" तिने विचारलं. "मला वाटायचं, तुमचा माझ्यावर भरोसाच नाही. रोज रात्री तेच घेऊन झोपते मी."

"भरोसा थोडा कमीच व्हता," अण्णा म्हणाले. "चारीत घातली व्हती ना तू."

वंदनाला रडायचं की हसायचं ते ठरवता येईना. तिने डोळे पुसले आणि क्रेट आत टाकले.

गाडी परत माझ्या शेडमध्ये आली. मधला डिस्प्ले काढला. आकडे अर्ध्या उंचीचे केले, स्टिअरिंगमागे वंदनाच्या बाजूला वळवून बसवले आणि वर पत्र्याची झापड लावली, सिग्नलच्या दिव्यांना असते तशी. दशांशाचा आकडा काढून टाकला. चालवणाऱ्या माणसाला पॉइंट चारशी काय करायचं आहे? आकडा सतत नाचायचा, तो सावकाश बदलेल असं केलं.

अण्णांसाठी आधी मी एक बझर लावला. चाकाच्या ठरावीक फेऱ्या झाल्या की एक बीप. वंदना शेडमधून गाडी पुढे-मागे करत होती आणि अण्णा विचारत होते, "चालू केला का?" तो बीपही बारीक आवाजाचाच. माझं मलाच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. मग कपाटातून एक जुना रिले काढला. रिले म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच, तो चालू होताना टक्क असा ठसठशीत आवाज करतो. तो एका लाकडी फळीवर बसवला, म्हणजे आवाज घुमेल, आणि फळी डाव्या डॅशबोर्डखाली अडकवली. गाडी हळू असली की टक, टक. जोरात निघाली की टकटकटक. थांबली की गप्प.

अण्णांनी डोळे मिटले. वंदनाने एमआयडीसीच्या रस्त्याला दोन चकरा मारल्या. मी खिडकीशी उभी. परत आल्यावर ते म्हणाले, "त्या वळणाच्या पुढं अठ्ठावीस-तीस व्हती."

"एकोणतीस," वंदना म्हणाली.

म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला की मी कामाला लागल्यासारखं करून आत गेले.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. वंदनाला पहिले काही दिवस ती टकटक डोक्यात घण घातल्यासारखी वाटली. दोनदा येऊन तिने फळीखाली रबर लावून घेतलं. पण आकड्यांची आरती थांबली. अण्णा बोलायचे ते फुलांचं, पाण्याचं, लाइट कधी जाणार त्याचं. सुटलेल्या दोन हारवाल्यांपैकी एक परत आला. दुसरा आला नाही. चावीचा विषय कुणी काढला नाही, ती वंदनाकडेच राहिली.

डोळ्यांचं मात्र अण्णा टाळत होते. पिकू दे, पावसाळा जाऊ दे, सुगी होऊ दे. शेवटी दसऱ्याची झेंडूची गडबड उरकल्यावर वंदनानेच त्यांना त्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. आधी एक डोळा, मग दुसरा.

त्यानंतर एका दुपारी गाडी वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली. वंदना चालवत होती. डाव्या सीटवर अण्णा, नवा चष्मा लावून. मला जरा धास्तीच वाटली. आता म्हातारबाबाला दिसायला लागलं, म्हणजे स्टिअरिंग परत मागणार आणि हिला तोडणीला पाठवणार. वंदनाच्या तोंडावरही तेच दिसत होतं.

"म्याडम, ती टकटक काढून टाका," अण्णा म्हणाले.

"काढते. मग आकडे परत मध्यावर घेऊ? आता तुम्हाला चांगले दिसतील."

"नको, नको. हितनं दिसले का परत वाचीत बसंन मी." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. "हिला चालवू द्या. मला जरा रस्ता बघू द्या. दोन वरसं रोज ह्या रस्त्यानं गेलो, बघितला नाय."

वंदनाने तोंड फिरवलं आणि गाडीची काच पुसायला घेतली. काच स्वच्छच होती.

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन डॅशबोर्डखाली वाकले आणि फळी सोडवून घेतली. तो रिले पुढे एका पंपाच्या पॅनेलमध्ये वापरून टाकला.

मीटर मागायला नवीन कुणी आलं की मी आधी रेंज, अ‍ॅक्युरसी, सप्लाय किती व्होल्टचा हे विचारत असे. त्या गाडीनंतर पहिला प्रश्न बदलला. ह्याच्यासमोर कोण बसणार आहे, आणि त्याच्या शेजारी कोण? ऑपरेटर लगेच उत्तर द्यायचे. मॅनेजर लोकांना मात्र त्याचा ह्या कामाशी काय संबंध, ते शेवटपर्यंत कळलं नाही.